नंदूचं पाणी

४ एप्रिल, अकोला

आज नळ आला. मायनं आधी पिण्याचं भरलं, मग वापरायचं, शेवटी निळा ड्रम. निळा ड्रम दादाचा. त्याच्या आंघोळीचा. त्याला कुणी हात लावायचा नाही.

पुढचा नळ येईपर्यंत पाणी शिळं होतं. मग ते परसातल्या कडुनिंबाला, आणि ड्रममध्ये नवीन. बाबा गेले तेव्हापासून हे असं चालू आहे. बाबांनंतर दादा दोनदा आला. दोन्ही वेळा दौऱ्यावर, आंघोळ सरकारी विश्रामगृहावर झाली होती. कडुनिंब चांगला वाढला आहे.

सकाळी इंगळे बाई आल्या. कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवतात, मतदार यादीचं काम त्यांच्याकडे आहे. मी परसात कपडे वाळत घालत होते. दारातलं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, तुमच्या मुलाचा अर्ज आला आहे. इथलं नाव काढून तिकडच्या राज्यात न्यायचं म्हणून."

"कोनाचा अर्ज?"

"त्यांच्याच नावानं आहे."

"त्याच्या नावानं काय, कोनंबी करन. मोठा मानूस आहे, दुश्मन रायतेत. तो इथीच रायते. ये, दाखोतो."

खोली दाखवली. पलंग, चादर, भिंतीवर त्याचा शाळेतला फोटो. मग परसात आणून ड्रमचं झाकण उघडलं.

"हे त्याचं पानी."

इंगळे बाईंनी पाण्यात पाहिलं. मग माझ्याकडे. मी चादर झटकली.

"लिहू मग, राहतात म्हणून?"

"लिही नं बाई. अन् चहा घेऊन जाजो."

त्यांनी लिहिलं.

६ एप्रिल, अमरावती

बी.ए.च्या तासाला फोन थरथरत राहिला. बाहेर येऊन घेतला. दादा दिल्लीत पक्षाचा मोठा नेता, त्याचा पी.ए. "दीदी, माताजी ने ये क्या लिखवा दिया?" मग दादा स्वतः. फार दिवसांनी.

त्यानं सांगितलं ते, मला समजलं तसं:

आयकर देशाचा. माणूस दिल्लीत राहो की अकोल्यात, तो तेवढाच. राज्याच्या करांचं तसं नाही. व्यवसाय कर, गाडीचा कर, हे माणूस कोणत्या राज्याचा रहिवासी त्यावर. काही राज्यांत कमी, काही ठिकाणी नाहीच. दादानं मोठी गाडी घेतली. नोंद तिकडच्या राज्यात केली, कारण तिकडे कर कमी. पक्षाच्या कामासाठी तिकडे भाड्याचं घर आहे, पत्ता तो दिला. मग कुणी तरी तक्रार केली. मतदान अकोल्याला करता, कर तिकडचा कसा भरता? देशाला कायदे सांगणारा माणूस कोणत्या राज्यात झोपतो? सल्लागार म्हणाले, मतदार यादीतलं नावही तिकडे न्या, म्हणजे सगळं एका ओळीत येईल.

आलं असतं. मायनं ड्रम दाखवला.

"तू खरंच तिकडे राहतोस?"

"कायद्यात म्हणतात तसं, सामान्यतः."

"म्हणजे किती?"

"ते मोजत नाहीत. तू आईला सांग."

"काय सांगू?"

"मी अकोल्याला राहत नाही, हे."

"तूच सांग ना."

"मी बैठकीत आहे, कुंदा."

परत वर्गात गेले. मुलं माझी वाट पाहत बसली होती. कुठवर आलो होतो ते आठवेना.

७ एप्रिल, अमरावती

पगाराची चिठ्ठी. व्यवसाय कर कापलेला. दर महिन्याला कापतात, फेब्रुवारीत थोडा जास्त. नोकरी लागल्यापासून. कुठे राहता, असं कुणी विचारलं नाही.

मायच्या मते मीही अकोल्यालाच राहते. "कुंदा आमची इथलीच, तिकडं नोकरीले आहे." निम्मं आयुष्य अमरावतीत गेलं. पण माझा ड्रम नाही. शनिवारी गेले की निळ्या ड्रमातलंच बादलीभर पाणी माय स्वतः काढून देते. माय म्हणते, घे, त्याले पुरते.

११ एप्रिल, अमरावती

वाहिनीवर दादा. खाली पट्टी फिरते: कोणत्या राज्याचे रहिवासी? तो हसत उत्तर देतो. "मी सगळ्या देशाचा रहिवासी आहे." टाळ्या.

स्टाफरूममध्ये वानखडे सरांनी डबा उघडता उघडता विचारलं, "काय मॅडम, भाऊ कुठी रायतेत मंग?"

"कामाच्या ठिकाणी."

"आमचं बरं आहे बाप्पा. एकच घर, तेबी बायकोच्या नावावर. आमी कोन्याच राज्याचे नाई."

सगळे हसले. मीही.

१३ एप्रिल, बडनेरा ते अकोला

पॅसेंजर मूर्तिजापूरला बराच वेळ थांबली. पलीकडे बंद पडलेल्या छोट्या गाडीचे, नॅरोगेजचे, रूळ गवतात गेलेले. बाबा त्या गाडीवर गार्ड होते. महिन्यातले थोडे दिवस घरी. क्वार्टर रेल्वेचं, घर अकोल्याचं, असं म्हणायचे, तेव्हा अकोल्याला फक्त प्लॉट होता आणि चार खुंट्या. निवृत्त झाल्यावर घर बांधलं. त्यात दोन उन्हाळे राहिले.

दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. ते गेल्यावर मायनं ती उतरवून दादाच्या नावाची लावली. घरही त्याच्या नावावर करायला लावलं. मी सही केली. वाईट वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. फक्त, नाव लावलं की माणूस राहतो, ही तिची समजूत तिथून पक्की झाली असावी.

आज सांगायचं ठरवून निघाले होते.

रात्रीचं जेवण: आंबाडीची भाजी, भाकर. माय वाढता वाढता: "कोनं अर्ज केला ते समजलं काय व?"

"चौकशी चालू आहे."

"सापडला पाह्यजे लेकाचा."

भाकर संपवली. उठून हात धुतले.

१४ एप्रिल, अकोला

माय पहाटेच विहारात गेली. आज तिथं फार गर्दी. येताना शेजारणींना दारात थांबवून सांगत होती: "माह्या पोराचं नाव काढून रायले यादीतून. जितं मानूस असून." बायका हळहळल्या. त्यांतल्या एकीनं माझ्याकडे पाहिलं. ती बातम्या पाहत असावी.

२० एप्रिल, अकोला

नोटीस आली. तहसीलमध्ये सुनावणी, ९ मे. घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीनं हजर राहून सांगायचं की सदर इसम येथे राहतो किंवा नाही. मायनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिला बरं वाटलं. कुणी तरी अखेर तिला विचारणार होतं.

दुपारी गजूभाऊ आले. पक्षाचे जुने कार्यकर्ते, दादाच्या पहिल्या सभेपासूनचे. पांढरे कपडे, घामानं पाठीला चिकटलेले. खिशात घडी घातलेला कागद. दिल्लीहून आलेला मजकूर, खाली मायची सही घ्यायची: माझा मुलगा येथे राहत नाही. सही घेतली की तिला तहसीलमध्ये जायची गरज नाही.

"मावशी, साहेबाचं एक काम होतं."

"सांग नं. आधी पानी पे."

त्यांनी पाणी घेतलं. मायनं नोटीस दाखवली.

"पाह्य गजू, कोनीतरी नंदूच्या सहीचा खोटा अर्ज देल्ला. तुमी कार्यकर्ते काय करता मंग? झोपा काढता काय?"

"नाई मावशी, तसं नाई..."

"त्याले घरातून काढून रायले अन् तू चहा पेतं."

चहा तिनंच दिला होता. गजूभाऊंनी कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. कागद खिशातच. थोडा वेळ ऊन, पंखा, लग्नसराई यावर बोलले आणि उठले.

फाटकापाशी कागद माझ्या हातात दिला. "ताई, मले नाई जमलं. मोर्चा सांगा, सभा सांगा, पोलिसाचा दंडा खा म्हना. हे नाई जमत."

"मलाही नाही जमत."

"साहेबाले म्हना नं, भरून टाका तो कर. येवढ्यासाठी मायले..."

स्कूटर चालू व्हायला वेळ लागला. दोघंही तिच्याकडे पाहत राहिलो.

२२ एप्रिल, अमरावती

दादाला फोन. चौथ्या वेळी उचलला.

"इथला कर भरून टाक."

"रकमेचा प्रश्नच नाही."

"मग?"

"भरला की कबूल केल्यासारखं होतं."

"काय कबूल?"

"की मी अकोल्याचा रहिवासी आहे."

ते वाक्य त्यालाही ऐकू आलं असावं.

मग म्हणाला, "तू मराठीची प्राध्यापक ना? शोध काही तरी शब्द. तिला लागणार नाही असा."

२३ एप्रिल, अमरावती

शोधले. नाहीत.

२५ एप्रिल, अमरावती

उत्तरपत्रिका. एका मुलीनं निबंधात लिहिलंय: घर म्हणजे जिथून आपल्याला कुणी काढू शकत नाही. लाल शाईनं बरोबरची खूण केली. पुढची घेतली.

२७ एप्रिल, अकोला

ऊन फार. संध्याकाळी परसात खाट टाकून बसलो. आडून विचारून पाहिलं.

"माय, दादा वर्षातून किती वेळा येतो?"

"काम रायते त्याले."

"येतच नाही तो माणूस राहतो असं कसं म्हणायचं?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"तुह्ये बाबा महिना महिना ड्युटीवर. तवा ते घरी रायत नव्हते काय? तू शाळेत काय सांगायची, बाप कुठी रायते म्हनून?"

अकोल्याला, असं सांगायचे. प्लॉट होता तेव्हाही.

तिचं चुकतंय असं ज्या दिवशी म्हणेन त्या दिवशी बाबांनाही घरातून काढावं लागेल.

३ मे, अकोला

शेवटी दादाचा फोन मायला. मीच लावायला लावला. गजूभाऊंकडून निरोप, पी.ए.कडे विनंती, सगळं झालं. मायला ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आई, कशी आहेस?"

"मी बरी. तू जेवला काय?"

"हो. पाणी येतं का?"

"आलं परवा. तुह्यं भरलं."

पलीकडे कुणी तरी इंग्रजीत बोलत होतं. दार लागल्याचा आवाज. मग शांत.

"आई, ते तहसीलचं..."

"तू काई फिकर करू नको नंदू. मी हाओ नं. मी सांगतो त्याहिले. तू तुह्यं काम पाह्य."

"बरं."

"तब्येत सांभाळजो."

"बरं. कुंदाला दे."

फोन घेऊन मी खोलीत गेले. त्याच्या खोलीत. पलंगावर बसले. तो म्हणाला, "मले नाई जमत व कुंदे."

ही बोली त्याच्या तोंडून कॉलेजात होतो तेव्हा शेवटची ऐकली होती. चिडायचं म्हणून फोन हातात घेतला होता. चिडता आलं नाही.

५ मे, अमरावती

अकोला तहसीलमधल्या ओळखीच्या कारकुनाला फोनवर विचारलं, सुनावणीत नेमकं काय होतं. म्हणाला, काही नाही मॅडम, अर्ज वाचून दाखवतात, सही दाखवतात, मग विचारतात.

सही दाखवतात.

दादाची सही ती ओळखते. आठवीतल्या प्रगतिपुस्तकावर त्यानं बाबांची सही करून पाहिली होती, ती तिनंच पकडली. बाबा त्याला शिकायला पैसे पाठवायचे त्या मनिऑर्डरच्या पावत्यांवरची त्याची सही तिनं बोटानं गिरवून ठेवली आहे, स्वतः सही शिकली तेव्हा. न ची आत वळलेली उभी रेघ. नाकारता येणार नाही.

म्हणजे कळणारच. चार माणसांत, कारकुनाकडून. किंवा आधी, माझ्याकडून.

तिनं राहतो म्हटलं तर उद्या वाहिन्यांवर: आईनंच उघडं पाडलं. नाही म्हटलं तर दादा सुटतो. बातमी होत नाही. गाडी तिकडची, मतदार तिकडचा, सगळं एका ओळीत.

८ मे, अकोला

एक दिवसाची रजा टाकून आले.

मायनं पांढरं लुगडं धुऊन ठेवलं आहे, विहारात जाताना नेसते ते. काय बोलायचं ते म्हणून पाहत होती. भांडी घासताना, मोठ्यानं, नळाशी:

"साहेब, तुमी घरी येऊन पाहा. खोली पाहा. मंग लिहा."

मला पाहून लाजली.

"बराबर आहे नं?"

"बरोबर आहे."

"तू शिकेल. काई राह्यलं असन तं सांग."

गजूभाऊंचा कागद पर्समध्ये आहे. दोनदा पर्स उघडली. एकदा रुमाल काढला. एकदा काहीच नाही.

संध्याकाळी तिनं निळा ड्रम रिकामा केला. उद्या नळाची पाळी. मी बादल्या नेऊन कडुनिंबाला घातल्या. माती पाणी पीत होती, आवाज येत होता.

उद्या सकाळी सांगेन.

९ मे, अकोला

हे तहसीलच्या बाकावर लिहिते आहे. शेजारी माय.

सकाळी नळ आला. धार बारीक. पिण्याचं भरलं, वापरायचं भरलं. मायनं पाइप निळ्या ड्रममध्ये सोडला आणि तो सरकू नये म्हणून धरून उभी राहिली. मी पलीकडे.

एकही शब्द शोधलेला नव्हता. जसं आलं तसं म्हणाले.

"माय, तो अर्ज दादानंच केला."

तिनं वर पाहिलं नाही. पाणी पडत होतं.

"त्याची सही आहे. तिकडे कर कमी आहे म्हणून तो तिकडचा झाला. तो इथं राहतो असं तू म्हटलंस तर त्याला त्रास होईल."

हे सगळं एका दमात. वर्गात सांगते तसं. नंतर फक्त ड्रमचा आवाज. तळ भरला की आवाज बदलतो.

"दिल्लीचा झाला काय?"

"नाही. त्याच्याही पलीकडचा. तिथं भाड्याचं घर आहे."

"तथी पानी रोज येते काय?"

"हो. रोज येतं."

"मंग बरं आहे."

थोड्या वेळानं नळ गेला. ड्रम अर्धाच. तिनं पाइप बाहेर काढला, गुंडाळला, खुंटीला लावला. ड्रमवर झाकण ठेवलं. नीट बसलं का ते हातानं दाबून पाहिलं.

"रिक्षा सांग. उशीर होते."

"माय, न जाता चालेल. एका कागदावर सही केली की..."

"बलावलं नं त्याहीनं मले?"

लुगडं नेसून आली. रिक्षात बसली. उड्डाणपुलावर वारा लागला तेव्हा पदर सावरला. काय सांगणार हे मी विचारलं नाही. गजूभाऊंचा कागद अजून पर्समध्ये.

गजूभाऊ आले आहेत. लांब, जिन्यापाशी उभे. आमच्याकडे येत नाहीत. कॅमेरावाला एक पोरगा दारात बसलाय, भजी खातोय. दादाचे तीन मिस्ड कॉल. चौथा आत्ता. मायनं पडद्यावरचं नाव पाहिलं. "उचल नको," म्हणाली. रागानं नाही.

आमच्या आधी दोन नावं होती. झाली.

शिपाई दारात आला. पुकारलं. दादाचं नाव, पूर्ण, बाबांच्या नावासकट, आणि पुढे: राहणार अकोला.

"हजर आहे काय?"

माय उठली आहे.